तत्त्वज्ञानाचा विषय बंद करण्याआधी: अभ्यासमंडळांच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

अभ्यासक्रमाची फेररचना सुरू झाली की तत्त्वज्ञानाचा विषय बैठकीत बहुधा शेवटी निघतो. विद्यार्थी थोडे, नोकऱ्या त्याहून थोड्या, मग श्रेयांक अडकवून कशाला ठेवायचे, असे एक जण म्हणतो. दुसरा विषयाची बाजू घेतो, पण तीही वारसा, संस्कार, मनःशांती अशा शब्दांत. मग तडजोड होते. स्वतंत्र विषय बंद होतो आणि मूल्यशिक्षणाच्या पेपरात त्याचा एक घटक घातला जातो. मी हा विषय शिकवते, आणि मला काळजी वाटते ती या दोन्ही बाजूंची. विरोध करणारे आणि पाठराखण करणारे, दोघांच्याही मनात विषयाचे चित्र एकच असते: होऊन गेलेल्या थोरांनी काय काय म्हटले त्याची साठवण. तेवढेच असते तर ते इतिहासाच्या पुस्तकात दोन प्रकरणांत मावले असते आणि मी हे पत्र लिहिले नसते.

माझ्या लेखी तत्त्वज्ञानाची ओळख साधी आहे. सगळी माहिती हाती आल्यावरही जो प्रश्न उरतो, तो तत्त्वज्ञानाचा. मोजमाप झाले, प्रयोग झाले, कागदपत्रे तपासून झाली, तज्ज्ञांचे एकमत झाले, तरी याला आता काय म्हणायचे, काय करणे योग्य, आणि हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, एवढे शिल्लक राहते. त्या उरलेल्या प्रश्नाशी शिस्तीने झटणे हे आमचे काम.

रुग्णालयातलेच उदाहरण घेऊ. कृत्रिम श्वसनयंत्रे आली आणि पूर्वी कधी उभी न राहिलेली अवस्था डॉक्टरांसमोर उभी राहिली. रुग्णाची छाती वरखाली होते आहे, हृदय चालू आहे, अंग गरम आहे, पण मेंदूचे काम कायमचे थांबलेले आहे. हा माणूस जिवंत की मृत? डॉक्टरांकडे माहितीची कमतरता नव्हती. उलट त्या देहाबद्दल जे जे मोजता येईल ते त्यांनी मोजले होते. त्यातच १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊनमध्ये माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण झाले आणि प्रश्न तातडीचा झाला. १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीने मेंदूचे कार्य कायमचे थांबणे हाच मृत्यू मानावा अशी शिफारस केली आणि त्यासाठी निकष दिले. बदलाची जी कारणे समितीने नोंदवली, त्यांत अवयव मिळवताना वाद होतात हेही एक कारण होते.

हान्स योनास या तत्त्वज्ञाने यावर लगेच बोट ठेवले. जगणे आणि मरणे यांच्यातली नेमकी सीमा आपल्याला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याची जागा व्याख्या भरून काढू शकत नाही, असे त्याचे म्हणणे. यंत्र कधी बंद करावे हा एक प्रश्न आणि त्या देहातून अवयव कधी काढावेत हा दुसरा. पहिल्याला दिलेले उत्तर आपोआप दुसऱ्यालाही लागू होते असे धरून चालता येत नाही, हे त्याने दाखवले. योनासचे म्हणणे सर्वांनी मान्य केले नाही. मीही ते पूर्णपणे मान्य करत नाही. अवयवदानाने वाचलेले जीव माझ्याही डोळ्यांसमोर आहेत. पण एका शब्दाखाली दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत हे ओळखणे, आणि व्याख्येमागचा हेतू व्याख्येला कुठे वळवतो आहे हे उघड करणे, हे काम कोणत्या प्रयोगशाळेत झाले असते? वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मेंदूमृत्यूचे निकष पाठ असतात. ते निकष का, आणि दुसरे का नाहीत, हे रुग्णाचे नातेवाईक एक दिवस त्याला विचारतात. तेव्हा तो काय सांगणार?

दुसरे उदाहरण मला अधिक प्रिय आहे, कारण त्यात तत्त्वज्ञानाची अभ्यासक थेट सरकारी कामात बसली होती. १९७८ साली प्रयोगशाळेत गर्भधारणा झालेले पहिले मूल इंग्लंडमध्ये जन्मले. पाठोपाठ प्रश्न आला: प्रयोगशाळेतल्या मानवी भ्रूणांवर संशोधन करू द्यायचे का, आणि कुठपर्यंत? ब्रिटिश सरकारने १९८२ मध्ये समिती नेमली आणि अध्यक्षपद मेरी वॉर्नक यांना दिले. त्या डॉक्टर नव्हत्या, वकील नव्हत्या. त्या तत्त्वज्ञान शिकल्या होत्या आणि त्यांनी ते शिकवलेही होते. १९८४ साली अहवाल आला. "माणसाचे आयुष्य नेमके कधी सुरू होते" या प्रश्नात समिती अडकून पडली नाही. तो प्रश्न वरवर वस्तुस्थितीचा वाटतो, पण त्याच्या उत्तरात वस्तुस्थिती आणि नैतिक निवाडा यांची सरमिसळ असते, हे ओळखून समितीने सरळ विचारले: या भ्रूणाशी आपण कसे वागणे योग्य आहे? मग चौदा दिवसांची मर्यादा सुचवली गेली. त्या सुमारास भ्रूणात पुढच्या शरीराच्या आखणीची पहिली रेघ दिसू लागते, हा त्यामागचा जीवशास्त्रीय आधार. पण निसर्गाने तिथे पाटी लावून ठेवलेली नाही, हे वॉर्नक यांनी लपवले नाही. कायद्याला स्पष्ट रेषा लागते, कोणालाही मोजता येईल अशी, म्हणून दिवसांची संख्या. १९९० साली तो कायदा झाला. माहिती कुठे संपते आणि निर्णय कुठे सुरू होतो हे प्रामाणिकपणे सांगणारी इतकी चांगली सरकारी कागदपत्रे थोडीच असतील.

आणि आजचा प्रश्न हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज संगणकप्रणालीकडून घेतला जातो. २०१६ साली पत्रकारांनी अशाच एका प्रणालीचा हिशेब मांडला: ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशा लोकांमध्ये, धोकादायक ठरवल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट होते. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचे उत्तर असे की धोक्याचे समान गुण मिळालेले दोन्ही वर्णांचे लोक सारख्याच प्रमाणात पुन्हा गुन्हा करतात, तेव्हा प्रणाली न्याय्यच आहे. मग गणितज्ञांनी सिद्ध करून दाखवले की दोन गटांत पुन्हा गुन्हा करण्याचे मूळ प्रमाण वेगळे असेल, तर अचूक भाकीत करता येत नाही तोवर चुकांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे असणे आणि समान गुणांचा अर्थ सारखा असणे, या न्याय्यतेच्या दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे शक्यच नाही. गणिताने आपले काम चोख केले. पण दोहोंपैकी कोणती अट सोडायची हे गणित सांगत नाही. ते प्रणाली लिहिणाऱ्या मुलांनी ठरवायचे आहे, आणि आपण त्यांना चार वर्षे शिकवतो त्यात न्याय म्हणजे काय यावर एक तासही नसतो.

उपयोगाची ही उदाहरणे मी मुद्दाम आधी दिली, कारण बैठकीत तीच विचारली जातात. माणसे तत्त्वज्ञान शिकतात ती मात्र नेहमी उपयोगासाठी शिकत नाहीत. प्रश्न पाठ सोडत नाही म्हणून शिकतात.

वर्गात मी दरवर्षी एक गोष्ट सांगते. वाळवंटातला तहानलेला प्रवासी दूरवर निळसर पाणी चमकताना पाहतो. ते मृगजळ असते. पण तो तिथे पोहोचतो तेव्हा त्याच जागी, एका खडकाखाली, खरोखरच पाणी सापडते. आता सांगा, "तिथे पाणी आहे" हे त्याला माहीत होते का? वर्ग काही क्षण गप्प होतो, मग दुभंगतो. एक मुलगा म्हणतो, "माहीत होतेच की, पाणी होते ना तिथे!" मागच्या बाकावरून उत्तर येते, "नशिबाने निघाले, त्याला कुठे माहीत होते?" मग पहिला अडवतो: "डोळ्यांनी बघूनच गेला ना तो? मग अजून काय हवे?" आणि इथे तासाला खरी सुरुवात होते. त्याचा विश्वास होता. तो विश्वास खरा निघाला. विश्वास ठेवायला कारणही होते. तरी काहीतरी कमी पडते आहे. काय?

हा दाखला आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्यांचा. कारण असलेला खरा विश्वास म्हणजे ज्ञान, ही व्याख्या पाश्चात्त्य परंपरेत प्लेटोच्या काळापासून चर्चेत होती, आणि १९६३ साली एडमंड गेटियर या तरुण प्राध्यापकाने अवघ्या तीन पानांच्या लेखात याच धाटणीची उदाहरणे देऊन ती कोलमडवून टाकली. हजार-बाराशे वर्षांच्या अंतराने, एकमेकांचा पत्ता नसताना, दोन माणसे एकाच फटीपाशी पोहोचली. एखाद्या संस्कृतीचा अलंकार म्हणून तत्त्वज्ञान शिकवले तर ही फट दिसतच नाही. ती दिसते प्रश्न हातात घेतल्यावर. आणि जी मुले दिवसभर मोबाईलवर आलेल्या बातम्या पुढे पाठवतात, त्यांच्यासाठी "खरे निघाले" आणि "माहीत होते" यांतला फरक हा काही पुराणातला प्रश्न नव्हे.

या विषयाची शिस्त कशात आहे असे मला कोणी विचारले तर मी पूर्वपक्षाकडे बोट दाखवेन. आपल्या शास्त्रकारांनी घालून दिलेली रीत अशी: आधी विरोधकाचे म्हणणे मांडायचे, तेही त्याने स्वतः मांडले असते त्याहून बळकट करून, आणि मगच त्याला उत्तर द्यायचे. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधायला केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडतोड करणारी ती वितंडा. दिसायला तर्कासारखे पण आतून पोकळ अशा कारणांचे, हेत्वाभासांचे, पाच प्रकारही तिथे वेगळे काढून दाखवले आहेत. आजच्या विद्यार्थ्याला जल्प आणि वितंडा कोणी शिकवावी लागत नाही. ती त्याच्या कानावर रोज पडते. वाद मात्र शिकवावा लागतो. मला न पटणाऱ्या मताच्या बाजूने सर्वांत चांगले कारण कोणते, हा प्रश्न मी निबंधाला देते तेव्हा मुले सुरुवातीला अक्षरशः अडखळतात. कित्येकांना उभ्या शिक्षणात हे कोणी करायला सांगितलेलेच नसते. सत्राच्या अखेरीला त्यांच्यातली काही जण स्वतःचे मत बदलतात, काही जण तेच मत अधिक चांगल्या कारणांनी धरतात. दोन्ही मला सारखेच मोलाचे वाटते.

राज्य कसे चालवावे हे सांगणाऱ्या कौटिल्यानेही चार विद्यांत आन्वीक्षिकी, म्हणजे कारणे तपासण्याची विद्या, पहिली घेतली आणि तिला सर्व विद्यांचा दिवा म्हटले. तो काही स्वप्नाळू माणूस नव्हता. करवसुली आणि हेरखाते यांचे बारकावे लिहिणाऱ्या माणसाला ही विद्या राज्यकारभारासाठी लागते असे वाटले.

मनःशांतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण विषयाची पाठराखण करणारे तिचाच आधार घेतात. एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचा एक युक्तिवाद मी शिकवते: आपण असतो तेव्हा मरण नसते, मरण येते तेव्हा आपण नसतो, मग ते आपले काय बिघडवते? एका वर्षी वर्गात एक विद्यार्थिनी होती, तिचा भाऊ नुकताच गेला होता. मी तो तास पुढे ढकलू का असे तिला विचारले. ती नको म्हणाली. युक्तिवाद ऐकून ती म्हणाली, "त्याला आता काही दुखत नाही हे मला कळते. पण मला वाईट वाटते ते त्याला जे मिळणार होते त्याचे." हा एपिक्युरसवरचा अत्यंत गंभीर आक्षेप आहे; तत्त्वज्ञांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत, आणि ती त्यांतले काहीही न वाचता त्याच्यापर्यंत पोहोचली होती. मग दुसऱ्या एका मुलाने, चाचरत, ल्युक्रेशियस या रोमन कवीचा प्रश्न विचारला: जन्माआधीच्या काळात आपण नव्हतो त्याचे आपल्याला दुःख नसते, मग मरणानंतरच्या काळाचे का? तिने त्यावर निबंध लिहिला. तिला शांती मिळाली की नाही हे मी विचारले नाही. तिच्या दुःखाला सुविचार ऐकवून गप्प करणारे भोवती पुष्कळ होते. तिच्या दुःखातला विचार विचार म्हणून ऐकला गेला तो या तासाला. मूल्यशिक्षणाच्या घटकात हे होऊ शकत नाही, कारण तिथे उत्तर आधी छापलेले असते.

तुमचा सर्वांत वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे: अडीच हजार वर्षे झाली, तुमचे प्रश्न आहेत तिथेच आहेत. हे पूर्ण खरे नाही. ज्या प्रश्नाला पक्की पद्धत सापडते तो आमच्या घरातून उठून स्वतःचे बिऱ्हाड करतो, म्हणून आमच्याकडे फक्त न सुटलेलेच दिसतात. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथाच्या नावात 'निसर्गाचे तत्त्वज्ञान' असेच म्हटले होते. ते आज भौतिकशास्त्र आहे. १८७९ साली लाइपझिगमध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारणारा वुंट तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ साली विचारांचे नियम बीजगणितात मांडले, तेव्हा त्याचा उपयोग काय असे कोणालाही विचारता आले असते. पुढे क्लॉड शॅनन नावाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकले आणि १९३७ साली प्रबंधात दाखवले की विजेच्या मंडलांची रचना त्याच बीजगणिताने करता येते. आजचा प्रत्येक संगणक त्या पायावर उभा आहे. यंत्रे विचार करू शकतात का, हा प्रश्न विचारणारा गणितज्ञ ॲलन ट्युरिंगचा १९५० सालचा प्रसिद्ध लेखही 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. आणि जे प्रश्न मागे राहतात, त्यांतही चुकीची उत्तरे एकेक करून बाद होतात. गेटियरनंतर ज्ञानाची जुनी व्याख्या जशीच्या तशी कोणी धरू शकत नाही. हीही प्रगतीच आहे.

नोकरीचा मुद्दा मी टाळत नाही. घरची परिस्थिती ओढगस्तीची असलेल्या मुलाला केवळ तत्त्वज्ञानाची पदवी घे असे मी सांगत नाही. म्हणूनच माझी मागणी विभागाच्या जागा वाढवा अशी नाही. वैद्यक, कायदा, संगणक, वाणिज्य, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला एक सत्र तरी हा विषय खऱ्या अर्थाने मिळावा, आणि तो त्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने शिकवावा. रिकामा तास ज्याच्याकडे असेल त्याच्या गळ्यात तो मारू नये. फ्रान्समध्ये शाळेच्या अखेरच्या वर्षी तत्त्वज्ञान असते आणि त्याचा पेपर चार तासांचा असतो. एक प्रश्न किंवा एक उतारा निवडायचा आणि त्याच्याशी चार तास झुंजायचे. तिथेही तक्रारी आहेत, पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हे झेपते एवढे तरी त्यावरून दिसते.

परीक्षेबद्दल मात्र मला आमच्याच लोकांना आणि तुम्हालाही कळकळीने सांगायचे आहे. "कांटचे नैतिक विचार स्पष्ट करा", "टीपा लिहा" या प्रश्नांनी विषयाचा जीव घेतला आहे. मार्गदर्शकातली पाच वाक्ये पाठ करून मूल उत्तीर्ण होते आणि आयुष्यभर सांगत फिरते की तत्त्वज्ञान रटाळ असते. त्याऐवजी एक युक्तिवाद द्या, कच्चा दुवा कोणता ते शोधायला सांगा. एखादे खरे प्रकरण द्या, दोन्ही बाजू मांडायला सांगा, आणि मग स्वतःचा निर्णय कारणांसह लिहायला लावा. तपासायला वेळ लागेल. आम्ही तो देऊ.

इतके करूनही एखाद्या मंडळाला विषय बंद करावासा वाटला तर तो त्यांचा अधिकार आहे. माझी एकच विनंती आहे. ठरावात नुसते "विद्यार्थी-संख्येअभावी" असे लिहू नका. विषय ठेवावा यासाठीचे सर्वांत बळकट कारण आधी नोंदवा, मग ते तुम्हाला का पुरेसे वाटले नाही ते लिहा, आणि तो कागद विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना वाचायला द्या. बोलावलेत तर मी बैठकीला येईन आणि तुमची बाजू मांडण्यापासून सुरुवात करीन.

आपली विश्वासू,
तत्त्वज्ञान शिकवणारी एक प्राध्यापिका